‘फँड्री’ : एका शब्दाची लाज आणि एका वाद्याची

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एका धर्मग्रामात युवकांनी सुटीच्या शिबिरात ‘फँड्री’ हा मराठी चित्रपट दाखविला. चित्रपट तसा जुना. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा शिबिरातील बहुतेक मुले अक्षरओळखीच्या वयाचीही नव्हती. शेवटचे दृश्य संपले, पडदा काळा झाला, कोणीतरी दिवे लावले. आता एकच गलका होणार अशी आमची अटकळ होती. पण मुले जागची हलली नाहीत. मागच्या बाकावर एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक बसले होते. शेजारच्यास ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, “तसली हलगी आमच्याही घरात होती. मला मास्तरकी लागली आणि मी ती खुंटीवरून काढली. पुढे तिचे काय झाले, कोण जाणे.”

त्यांच्या ह्या चार वाक्यांनी आम्हांला तो चित्रपट पुन्हा पाहावयास लावला. पहिल्या वेळी आम्ही त्यात एका कोवळ्या मुलाची प्रेमकथा आणि जातीच्या अपमानाची कहाणी पाहिली होती. दुसऱ्या वेळी आम्हांला त्यात आणखी काही दिसले, आणि ते आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांशी बोलावे असे वाटले. माणसे आपली भाषा, आपले वाद्य, आपली ओळख का टाकतात, आणि टाकताना नेमके काय टाकतात, हा तो प्रश्न होय.

प्रथम चित्रपटाविषयी थोडेसे. कथेचे गाव अकोळनेर. नगर शहरापासून फार दूर नसलेले, आपल्याच जिल्ह्यातले. संतकवी आणि कीर्तनकार दासगणू महाराज ह्यांचा जन्म १८६८ साली ह्याच गावी झाला, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. ज्या गावाने कीर्तनाला एवढा मोठा गायक दिला, त्याच गावाच्या कडेला कैकाडी समाजाचे एकुलते एक घर आहे, अशी चित्रपटाची मांडणी. घरात कचरू माने, त्याची पत्नी, मुली, आणि शाळेत जाणारा जांबुवंत ऊर्फ जब्या. जब्याचे मन वर्गातील शालूवर जडलेले आहे. शालू वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीची. काळी चिमणी मारून, तिची राख करून शालूवर टाकली की ती आपली होईल, ह्या समजुतीने जब्या आणि त्याचा मित्र पिऱ्या गलोल घेऊन माळ तुडवीत हिंडतात. जब्याला जीनची पँट हवी आहे, गोरेपण हवे आहे, आणि सर्वांत अधिक म्हणजे आपल्या घराला गावातील डुकरे धरावी लागतात हे शालूला कळू नये, असे हवे आहे.

दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. परंतु चित्रपटाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा २००९ चा लघुपट तेथल्या अभ्यासक्रमातूनच निघाला, आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘फँड्री’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा इंदिरा गांधी पुरस्कार त्यांना, आणि बालकलाकाराचा पुरस्कार जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे ह्यास मिळाला. तेव्हा नगर जिल्ह्याने ह्या चित्रपटाला केवळ गावच दिले असे नाही. ज्या नजरेने तो घडला तिच्या घडणीतही ह्या शहराचा वाटा आहे.

* * *

आता नावाकडे वळू. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतला शब्द; अर्थ डुक्कर. मराठी प्रेक्षकास तो कळत नाही, म्हणून प्रथम तो विचित्र आणि काहीसा हास्यास्पद वाटतो. चित्रपटातही तो गावच्या पोरांच्या तोंडी टवाळीचा शब्द होऊन येतो. गावाला कैकाडी बोली येत नाही, ती शिकावी असे कोणास वाटतही नाही. त्या अख्ख्या भाषेतून गावाने एवढा एकच शब्द उचलला आहे, आणि तोही चिडविण्यासाठी.

पण हा शब्द आला कोठून? कैकाडी ही द्राविड कुळातली, तमिळला जवळची बोली आहे. तमिळमध्ये डुकराला जो शब्द आहे, त्याचा उच्चार कानाला ‘पंड्री’सारखा लागतो. म्हणजे अकोळनेरची मुले ज्या शब्दाला हसतात, तो भारतातील एका अतिप्राचीन आणि अतिसमृद्ध भाषेतला साधा, सरळ, घरगुती शब्द आहे. तमिळ मूल तो पहिल्या पुस्तकात वाचते. दक्षिणेकडून कोणे काळी निघालेल्या, टोपल्या, डालगी आणि कणग्या विणीत गावोगाव फिरलेल्या माणसांनी तो पाठीवरच्या बिऱ्हाडाबरोबर महाराष्ट्रात आणला. वाट चालताना त्यांच्या भाषेला लिपी लाभली नाही, शाळा लाभली नाही. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्यान्वये अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. कैकाड्यांवरही तो शिक्का बसला, आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत पुसला गेला नाही. पोलिसपाटलाकडे हजेरी देणाऱ्या माणसाला आपली भाषा चारचौघांत बोलण्याचा अभिमान कसा वाटावा? ती भाषा म्हणजे जणू स्वतःविरुद्ध दिलेला पुरावाच.

ह्या समाजाची वेदना मराठी साहित्यात प्रथम ठसठशीतपणे आली ती लक्ष्मण माने ह्यांच्या ‘उपरा’ ह्या १९८० सालच्या आत्मकथनाने. १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. २०१३ साली अरुण जाखडे ह्यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड निघाला, तेव्हा कैकाडीसारख्या भटक्यांच्या बोलींचीही दखल घेतली गेली. त्याच वर्षी ‘फँड्री’ मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. मंजुळे ह्यांनी त्या बदनाम शब्दाचे भाषांतर केले नाही. ‘डुक्कर’ असे नाव त्यांना देता आले असते, एखादे काव्यमय शीर्षकही सुचले असते. त्यांनी तोच शब्द, त्याच उच्चारासह, चित्रपटगृहांच्या दर्शनी फलकांवर चढविला, आणि महाराष्ट्रभर तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून लोकांना तो आपल्या तोंडाने उच्चारावा लागला. आमच्या मते चित्रपटाची पहिली झुंज येथेच जिंकली गेली.

येथेच आमची एक तक्रारही नोंदविली पाहिजे. शीर्षकात एवढ्या धैर्याने आणलेली ही भाषा चित्रपटाच्या आत मात्र फारशी नांदत नाही. बहुतांश संवाद मराठीत आहेत. ते अस्सल ग्रामीण आहेत, पण मराठीच. कैकाडी घर दाखवायचे तर आई मुलाला कोणत्या भाषेत रागावते, बहिणी कोणत्या भाषेत कुजबुजतात, हे आम्हांला अधिक ऐकावयास आवडले असते. जिचे बोलणे मोठ्या मनाने ऐकावे अशी भाषा पुन्हा एकाच शब्दापुरती उरते, आणि तो शब्दही डुकराचा, ही खंत राहून जाते. तीच गत शालूची. सबंध चित्रपट तिच्याकडे पाहत राहतो. ती स्वतः काय पाहते हे सांगत नाही. जब्याच्या बहिणीच्या लग्नासाठी कचरू जिवाचा आटापिटा करतो. तिचे स्वतःचे मन मात्र आपल्याला फारसे कळत नाही. ज्यांचा आवाज दाबला गेला त्यांच्याविषयीच्या कलाकृतीतही आवाज प्रथम पुरुषांनाच मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

* * *

शब्दानंतर वाद्य. सोमनाथ अवघडे हा नट म्हणून घडविलेला मुलगा नव्हे. करमाळा तालुक्यातील केम गावी तो हलगी वाजवीत असताना मंजुळे ह्यांच्या नजरेस पडला, आणि तेथूनच तो चित्रपटात आला. म्हणजे हा चित्रपट जसा एका शब्दापासून सुरू होतो, तसाच तो एका हलगीपासूनही सुरू होतो.

हलगी आपणांस नवी नाही. गोल कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी. कातडे सैलावले की गवताचा जाळ करून त्यावर ते तापवायचे. मग आवाज असा खणखणीत निघतो की अर्ध्या कोसावरच्या माणसाचे पाऊल थबकावे. जत्रा, कुस्त्यांचा फड, वरात, छबिना, दवंडी, प्रेतयात्रा. गावाचे कोणतेही कार्य हलगीवाचून पुरे होत नसे. आणि तरीही ती वाजविणारा हात गावाला शिवत नसे. कातड्याचे म्हणून वाद्य अपवित्र. पण त्याच वाद्याच्या नादावर देवाची पालखी निघणार. ह्या विसंगतीचा विचार गावाने कधी केला नाही.

‘फँड्री’मधील जत्रेचे दृश्य पाहा. वाद्यांचा गजर सुरू आहे, जब्या देहभान हरपून नाचतो आहे. त्या घटकेपुरता तो कोणा जातीचा नाही, कोणाचा नोकर नाही. शालू पाहते आहे, ह्याहून त्याला अधिक काही नको. एवढ्यात बाप त्याला त्या नाचातून ओढून काढतो, आणि त्याच्या डोक्यावर मिरवणुकीची बत्ती येते. तोच मुलगा, तीच मिरवणूक, तोच नाद. क्षणापूर्वी तो नाद त्याचा होता. आता तो त्या नादाचा वेठबिगार आहे. प्रकाश त्याच्या डोक्यावर आहे म्हणून सर्वांना सर्व दिसते, आणि शालूला तो दिसतो तो बत्ती धरलेला.

आमच्या दृष्टीने सबंध चित्रपटाचे मर्म ह्या दृश्यात आहे. अपमान वाद्यात नव्हता, नाचात नव्हता, डुकरातही नव्हता. डुकराचे म्हणाल, तर त्याच प्राण्याच्या रूपातील वराहाची आपल्या देशात देवळे आहेत. अपमान होता तो हुकुमात. हे काम तुझेच, तुझ्या बापाचे, तुझ्या मुलाचेही. नाही म्हणण्याचा अधिकार तुला नाही, असे सांगणाऱ्या व्यवस्थेत होता. कचरूची भूमिका किशोर कदम ह्यांनी ज्या संयमाने केली आहे, तिला तोड नाही. ह्या बापाला मुलाची लाज कळते. पण मुलीचे लग्न तोंडावर आहे, आणि डुकरे धरण्याचे पैसे गाव देणार आहे. मुलाची मान आणि मुलीचे लग्न ह्यांतून एक निवडण्याची पाळी गरिबावर येते.

चित्रपटाच्या संगीताविषयीही येथे सांगावयास हवे. अजय-अतुल ह्यांनी ह्या चित्रपटासाठी केलेले गाणे गावोगावी गाजले. ते प्रसिद्धीसाठी होते, प्रत्यक्ष चित्रपटात नाही. पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता ह्यांचे असून ते अत्यंत मितभाषी आहे. कितीतरी वेळ पडद्यावर वाऱ्याचा, पाखरांचा, पावलांचाच आवाज आहे. पुढे २०१६ साली मंजुळे ह्यांच्याच ‘सैराट’मध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भव्य थाट आला, आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. पण ‘फँड्री’ला शांततेची गरज होती. शांतता असल्यामुळेच डुक्कर धरण्याच्या प्रसंगी शाळेतून अचानक राष्ट्रगीत ऐकू येते, तेव्हा आपण दचकतो. हाताशी आलेले डुक्कर सोडून सबंध कुटुंब ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. प्रेक्षक हसतात, आणि हसू ओसरल्यावर त्यांना प्रश्न पडतो : ज्या गीतासाठी हे घर उभे राहिले, ते गीत ह्या घरासाठी केव्हा उभे राहणार? पुढे तेच डुक्कर बांधून, बांबूवर लटकावून नेले जाते, आणि मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, जोतीराव आणि सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा ह्यांची चित्रे एकामागून एक सरकत जातात. वर्गात चोखोबांचा अभंग शिकविला जातो, तोही असाच. भिंतीवर आणि पुस्तकात समतेला जागा मिळाली आहे. त्या भिंतीखालच्या रस्त्यावर अद्याप नाही.

हे सारे काल्पनिक म्हणून बाजूस सारावे, तर तेही शक्य नाही. चित्रपट प्रदर्शित होऊन अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीच्या मुलीशी प्रेमसंबंध असल्याच्या संशयावरून तो मारला गेला, असा आरोप होता. अनेक साक्षीदार फिरले, आणि २०१७ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. जब्याने पडद्यावर शेवटी जो दगड भिरकावला, तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो. त्या वर्षी आपल्या जिल्ह्याला तो चुकविता आला नाही.

* * *

येथवर चित्रपटाविषयी बोलणे सोपे होते. आता आपल्याविषयी.

ह्या जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांत अशी असंख्य कुटुंबे आहेत की ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून प्रभूच्या मंदिरात आले. त्यांपैकी कित्येकांच्या घरी हलगी होती. ती कशी गेली? वाट एकच नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत गावोगावच्या लोकांनी गावकीची हीन मानलेली कामे टाकली. मेलेली जनावरे ओढणे बंद झाले, त्याबरोबर कित्येकांनी हलगीही खाली ठेवली. ते खाली ठेवणे स्वाभिमानाचे होते. हुकुमाने वाजवावयाचे नाही, असे म्हणून ज्याने टिपरू फेकले, त्याच्यापुढे आम्ही आदराने नतमस्तक होतो. परंतु दुसरेही एक खाली ठेवणे आहे. शिकलेल्या सोयऱ्यांना दिसू नये, शेजाऱ्याने विचारू नये, मुलांना शाळेत कोणी चिडवू नये, म्हणून गुपचूप खुंटीवरून काढणे. पहिल्यात माणूस हुकूम टाकतो; दुसऱ्यात तो स्वतःच्या बापाची आठवण टाकतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणूनच त्यांतला भेद आपण आपल्यापाशी तपासून पाहावयास हवा.

आणि मंदिराने काय केले? आपल्या ह्या नगर शहराने मराठी ख्रिस्ती संगीताला फार मोठे देणे दिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी येथे राहून अभंग, ओवी आणि पदे ह्यांच्या रूपाने ख्रिस्तभक्ती मराठी मातीत रुजविली. परक्या चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी मराठी माणसाच्या कंठातले गीत आले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांचे ऋण सर्वच मराठी ख्रिस्ती मानतात. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत मातृभाषेला दार उघडले, आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा असेही सांगितले. मिस्सा मराठीत आली. टाळ आले, पेटी आणि तबला आला, मृदंग आला.

हलगी मात्र आली नाही. निदान आमच्या पाहण्यात ती वेदीपर्यंत क्वचितच आली. मिरवणुकीत, अंगणात, यात्रेच्या वाटेवर ती ऐकू येते, उंबरठ्याशी थांबते. ह्याचा अर्थ काय? आपण ‘देशी’ संगीत स्वीकारले, पण कोणाचे देशी? कीर्तनाच्या आणि बैठकीच्या प्रतिष्ठित वाद्यांना आपण आत घेतले, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांच्या हातातले वाद्य बाहेर ठेवले. कोणी तशी आज्ञा केली होती असे नाही. आपणच लाजलो. हलगीचेच मोठे भावंड जे डफ, ते अमर शेख, अण्णा भाऊ साठे ह्यांच्या पिढीच्या शाहिरीत व्यासपीठावर गर्जले, तेव्हा महाराष्ट्राने त्याचा जयजयकार केला. तेव्हा कातड्याचा विटाळ कोठे गेला होता?

तमिळनाडूत ह्याच जातीचे वाद्य ‘परै’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या नावावरून एका समाजाला नाव पडले, आणि ते नाव जगभर हिणकस अर्थाने वापरले गेले. तेथील दलित तरुणांनी ते वाद्य हुकुमाच्या चाकरीतून सोडविले आणि कला म्हणून पुन्हा हाती घेतले. दिंडिगल येथे सिस्टर चंद्रा नावाच्या एका कॅथलिक व्रतस्थ भगिनीने ‘शक्ती’ लोककला केंद्र स्थापन केले, आणि दलित मुलींना परै वाजवावयास व नाचावयास शिकविले. जे वाद्य पुरुषांनी मयताच्या दारात वाजवावयाचे, ते ह्या मुली ताठ मानेने रंगमंचावर वाजवितात. कैकाड्यांची बोली ज्या तमिळ भाषेला जवळची, तिच्याच प्रदेशातला हा दाखला आहे.

दूरदेशीचेही एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. चीनच्या वायव्येला शिनज्यांग प्रांतात उइघुर नावाचा तुर्की वंशाचा मुसलमान समाज राहतो. त्यांच्या ‘मुकाम’ ह्या अभिजात गायनपरंपरेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. सरकारी रंगमंचांवर उइघुर नाच आणि गाणी थाटात सादर होतात. दुसरीकडे शाळांतून त्यांची भाषा हटविली गेली, आणि २०१७ पासून फार मोठ्या संख्येने माणसे बंदिस्त छावण्यांत टाकली गेली. दुतार वाजवून गाणारे नामवंत कलावंत अब्दुरेहीम हेयित हेही त्या वर्षी स्थानबद्ध झाले. कलेची शोभा हवी, पण ती कला ज्या जिभेवर जगते ती जीभ नको, असा हा न्याय.

आपल्याकडे तशी बंदी कोणी घातली नाही, हे खरे, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण कैकाडी बोलीचा संकोच कोणत्या हुकुमाने झाला? तिला बंदुकीची गरज लागली नाही. वर्गातले हसू, पाणवठ्यावरची टवाळी आणि पोलिसठाण्यातली हजेरी एवढ्याने काम भागले. बंदी असेल तर माणूस तिच्याविरुद्ध उभा राहतो, भाषा छातीशी धरतो. टवाळी झाली की तो स्वतःच ती भाषा मुलांपासून लपवितो. नागराज मंजुळे ह्यांनी हे नेमके ओळखले, आणि म्हणूनच त्यांचा चित्रपट खलपुरुषाविना चालतो. त्यात जुलमी जमीनदार नाही, चाबूक नाही. आहेत ती हसणारी माणसे. त्यांतले काही हातातल्या मोबाइलवर छायाचित्रे काढतात, आणि त्यांना आपण काही वाईट करीत आहोत असे वाटतही नाही.

कोणी म्हणेल, हे जुने उगाळण्यात काय हशील? मुले शिकली, नोकऱ्यांस लागली, पुण्या-मुंबईस गेली. आता त्यांना हलगीची आठवण कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तो बहुधा त्यांच्याच मुखातून येतो, ज्यांनी अपमान स्वतः सोसला आहे. आणि विसरणे हाच त्यांचा औषधोपचार असतो. त्यांना हलगी पुन्हा हाती घ्या असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि तो दुसऱ्या कोणाला असू नये. नाही तर तोही एक हुकूमच व्हावयाचा. परंतु शिबिरातली ती मुले गप्प बसून राहिली, हे आम्ही पाहिले. त्यांना काही विचारावयाचे होते, आणि कोणाला विचारावे हे त्यांना कळत नव्हते. जे आपण त्यांच्या भल्यासाठी झाकून ठेवले, ते त्यांना अर्धवट दिसतेच. आणि न सांगितलेली गोष्ट लाजेची असली पाहिजे, असा अर्थ मूल आपोआप लावते.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. ‘फँड्री’ हा चित्रपट घरच्यांनी एकत्र बसून पाहावा. तो मुलांसमवेत पाहण्याजोगा आहे, आणि वडीलधाऱ्यांसमवेत तर अवश्य पाहावा. पाहून झाल्यावर दूरदर्शन संच लगेच बंद करून झोपावयास जाऊ नये. आजोबांना विचारावे : आपल्या घरात पूर्वी काय वाजत होते? आजीला विचारावे : तुझ्या माहेरी कोणते शब्द होते, जे तू इथे आल्यावर बोलायचे सोडलेस? उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. आपल्या धर्मग्रामांच्या गायनवृंदांनीही एकदा विचार करावा, की येत्या सणाच्या मिरवणुकीत जी हलगी दारापर्यंत येते, ती वाजविणाऱ्या भावाला आपण आत बसण्यास जागा देतो काय. आणि त्याची इच्छा असल्यास, त्याच्या वाद्यालाही.

त्या वृद्ध गुरुजींना आम्ही नंतर भेटलो. हलगी सापडली नाही. पण बोलता बोलता त्यांची बोटे खाटेच्या लाकडी काठावर चालू लागली : एक जाड ठोका, मागून बारीक काडीचे दोन. नातू दारात उभा राहून ऐकत होता. “आजोबा, हे काय?” त्याने विचारले. गुरुजी क्षणभर थांबले, आणि मग त्याला त्यांनी जवळ बसवून घेतले.